ओवोला नमस्कार कसा करायचा: मंगोलियाला निघालेल्यांसाठी टप्प्याटप्प्याने

मंगोलियाला जाऊन आलेल्या आपल्या लोकांचे फोटो बघा, दगडांचा एक मोठा ढीग हमखास असतो, मधे खांब, त्याला निळी फडकी गुंडाळलेली. तोच ओवो. कुणी त्याच्यावर चढून हात पसरून उभं असतं, कुणी पायथ्याशी नारळ फोडतंय, आणि एका काकांनी तर तिथलाच एक छान गुळगुळीत दगड "आठवण म्हणून" बॅगेत घातलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. हेतू वाईट कुणाचाच नसतो. आपल्याला वाटतं देवाचं काहीतरी दिसतंय तर हात जोडावेत, आणि मग आपल्या सवयीने जे येतं ते आपण करतो. गडबड तिथेच होते.

म्हणून हे लिहितेय. ओवो कधी सुरू झाले, कुणी बंद पाडले, परत कसे आले हे सगळं इथे नाहीये. तिथे उतरल्यावर काय करायचं, कुठल्या क्रमाने आणि काय टाळायचं एवढंच.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात बसवा, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. ओवो हा स्वतः देव नाही, ते ठाणं आहे. प्रत्येक डोंगराला, खिंडीला, झऱ्याला मालक असतो असं ते लोक मानतात, जमिनीचे आणि पाण्याचे मालक, त्यांना मिळून लुस सावदग म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही, राखणदार म्हटलं की झालं. तुम्ही त्याच्या हद्दीतून चाललाय, तर थांबून नमस्कार करायचा, काहीतरी द्यायचं आणि पुढे जायचं. मागणं असेल तर मागा, पण मुळात तो नमस्कार असतो.

टप्पा १: समोर आहे तो ओवोच आहे ना, हे बघा

हसू नका, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मंगोलियात दगडांचे ढीग म्हणजे सगळीकडे, आणि त्यातले बरेच ओवो नसतात.

ओवो साधारण उंचावर सापडतो. खिंडीच्या माथ्यावर, टेकडीच्या टोकावर, नाहीतर झऱ्याजवळ किंवा तळ्याकाठी. मधे लाकडी खांब किंवा फांद्या, त्याला खदग बांधलेले (खदग म्हणजे ते रेशमी पट्टे, बहुतेक निळे), आणि आसपास माणसं येऊन गेल्याच्या खुणा, नोटा, गोळ्या, वाळलेल्या दह्याचे तुकडे, कधी घोड्याची कवटी. उत्तरेला खुव्सगुलच्या जंगलाच्या भागात दगडांऐवजी लाकडाचे ओंडके तंबूसारखे एकमेकांना टेकवून केलेले ओवो पण दिसतात, ते बघून "हे काय शेकोटीची तयारी आहे का" असं म्हणू नका. कधी एक मोठा आणि बाजूला बारा छोटे अशी तेराची रांग असते, तो सगळा मिळून एकच समजायचा.

आता जे ओवो नसतं ते. सपाट माळावर किंवा उतारावर पसरट असा दगडांचा ढीग दिसला, त्याच्याभोवती दगडांचंच गोल किंवा चौकोनी कुंपण आखलेलं दिसलं, खांब नाही, खदग नाही, तर तो खिरिगसूर असण्याची शक्यता जास्त. म्हणजे कांस्ययुगातलं जुनं स्मारक, बहुतेक वेळा दफनाचं. जवळपास हरणांची चित्रं कोरलेले उभे दगड असतील तर विषयच संपला. ते हरणशिळांचे समूह २०२३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिथे दगड टाकायचा नाही, उचलायचा नाही, वरून चालायचं नाही. पुराणवस्तूवाले प्रत्येक दगडाची जागा मोजून ठेवतात आणि आपण भक्तिभावाने त्यात तीन नवे घालून येतो.

> थांबा आणि तपासा: खांब आहे का? खदग आहेत का? दोन्ही नसेल तर ड्रायव्हरला विचारा. "ओवो?" एवढा एक शब्द पुरतो. तो मान हलवेल तसं करा.

आणि हो, आपल्याकडे डोंगरावरच्या देवळांजवळ घर व्हावं म्हणून दगडावर दगड रचतात ना, तसल्या लगोऱ्या ओवोच्या शेजारी रचू नका. नवा ओवो कुणीही उठून करत नाही, जागा लामा किंवा शामान (त्यांच्याकडचा भगत) ठरवतो आणि त्याचे वेगळे विधी असतात. तुमची लगोरी म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात बांधलेली खोली.

टप्पा २: तयारी, म्हणजे राजधानी उलानबातर सोडायच्या आधीची कामं

वाटेत काही मिळेल या भरवशावर राहू नका. शहर सुटलं की पुढचं दुकान कधी येईल सांगता येत नाही, आणि ओवो मात्र अचानक येतात. पिशवीत एवढं असलं की झालं:

खदग. निळा घ्या. पाच रंग मिळतात, निळा, पांढरा, पिवळा, हिरवा, लाल, आणि प्रत्येकाला अर्थ आहे, पण निळा आकाशाचा आणि तो कुठेही चालतो. उलानबातरमधल्या गंदन मठाच्या आसपासच्या दुकानांत सहज मिळतो. शक्य असेल तर खरं रेशीम किंवा सुती बघा. बाजारात बहुतेक पॉलिस्टर येतं, ते वर्षानुवर्षं कुजत नाही, धागे सुटून माळभर उडतात आणि जनावरांच्या पोटात जातात. दहा स्वस्तातले घेण्यापेक्षा दोन बरे घ्या. प्रत्येक ओवोला खदग बांधायचाच असा नियम अजिबात नाही.

दूध. सुपरमार्केटमधलं साधं दूध चालतं. सोबत एक वाटी घ्या, लाकडी किंवा स्टीलची. ही वाटी विसरू नका, कारण पुढे सांगते.

खाऊ. आरूल म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खडे (दात सांभाळा), साखरेचे खडे, बिस्किटं, गोळ्या. गोळ्यांचे कागद घरीच काढून डब्यात भरा.

सुट्टे तुग्रिक (तिथलं चलन), लहान नोटा.

वोडका ऐच्छिक आहे. तिथे लोक वाहतात, पण पीत नसाल तर दुधाने काहीही अडत नाही. उलट दूध जास्त सोज्वळ मानतात.

कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. ही खरं तर पहिली लिहायला हवी होती.

आता काय न्यायचं नाही. नारळ, हळदकुंकू, अगरबत्ती, कापूर, झेंडूच्या माळा, प्लॅस्टिकची फुलं, देवाचे फोटो. यातलं काही अपवित्र आहे म्हणून नाही, ती त्यांची पद्धत नाही म्हणून, आणि तिथली हवा वेगळी आहे म्हणून. आपल्याकडे फुटलेला नारळ पावसापाण्यात मातीला मिळतो, तिथल्या कोरड्या थंड हवेत करवंटी कित्येक वर्षं तशीच पडून राहणार. आणि आग तर नकोच. वाळलेलं गवत आणि सुसाट वारा, एका अगरबत्तीचा निखारा उडाला तर माळ पेटायला वेळ लागत नाही. धूप द्यायचाच असेल तर तो आर्त्सचा, म्हणजे ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या भुकटीचा, आणि तो मोठ्या पूजेत लामा लोक देतात, आपण नाही.

> तपासा: गोळ्यांचे कागद काढले? वाटी घेतली? खदगचा लेबलचा कागद आणि प्लॅस्टिक हॉटेलवरच टाकलं?

टप्पा ३: बायकांनी जायचं की नाही, हे निघायच्या आधीच विचारून घ्या

याला वेगळा टप्पा केलाय कारण यावरून अख्ख्या ग्रुपची सहल बिघडलेली बघितलीय.

रस्त्यावरच्या, खिंडीतल्या ओवोला काही अडचण नसते, तिथे बायका, पोरं, म्हातारे सगळे फेरी घालतात. प्रश्न येतो मोठ्या, पूजल्या जाणाऱ्या डोंगरांवर. सुखबातर प्रांतात दारिगंगाला अल्तान ओवो आहे, एक विझलेला ज्वालामुखी, त्याच्या माथ्यावर बायकांनी जायचं नाही अशी रीत आहे. पुरुष वर जातात, बायका पायथ्याशी पूजा करतात. खेंती प्रांतातल्या बुर्खान खाल्दुनवर सुद्धा परंपरेने बायका चढत नाहीत. हा तोच डोंगर ज्याचं नाव चंगीज खानाशी जोडलेलं आहे आणि जो २०१५ मध्ये जागतिक वारसा झाला.

मला हे पटतं का? नाही. शनीशिंगणापूरच्या वेळी आपण सगळ्यांनी जे बोललो तेच मी इथेही बोलेन, पण घरी बसून. दोन दिवस गाडी हाणून तिथे पोचायचं आणि पायथ्याशी गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी भाषा येत नसताना वाद घालायचा, याने काही बदलत नाही. आणि टूरवाला आधी सांगत नाही हो, पोचल्यावर सांगतो, "मॅडम आप नीचे रुकिये" छाप. आमच्या सहलीत चार जणी गाडीत दोन तास बसून होत्या. म्हणून बुकिंग करतानाच स्पष्ट विचारा: कुठल्या ओवोला जाणार, वर कोण जाऊ शकतं, आणि खाली थांबणाऱ्यांसाठी पायथ्याशी पूजेची जागा आहे का. पायथ्याशी पण तीच पूजा होते, ती कमी प्रतीची मानत नाहीत, फक्त ते माहीत असायला पाहिजे.

उलट बाजू पण आहे. दोर्नोगोवी प्रांतात सैनशंद गावाच्या दक्षिणेला खामर मठाजवळ आईच्या स्तनांच्या आकाराचे दोन ओवो आहेत आणि तिथे मुख्यतः बायकाच येऊन दूध वाहतात, मुलाबाळांसाठी मागणं मागतात. सैनशंदपर्यंत रेल्वे आहे. फक्त बायकांचा ग्रुप असेल तर मी अल्तान ओवो सोडून सरळ इकडे जा म्हणेन.

टप्पा ४: पोचल्यावरची पहिली पाच मिनिटं

गाडी ओवोला अगदी चिकटवून लावू नका. उतरा, बाह्या दुमडलेल्या असतील तर खाली करा. देताघेताना बाह्या खाली असणं ही तिथली मोठी शिस्त आहे, गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या गोल तंबूच्या घरात गेलात तरी तेच. डोक्यावर टोपी असेल तर राहू द्या, आपल्यासारखं देवापुढे टोपी काढायची घाई नको. बूट चपला काढायच्या नाहीत. हे सांगावं लागतं कारण आपले लोक खरंच काढतात आणि मग त्या खड्यांवर आणि काट्यांवर उड्या मारत प्रदक्षिणा घालतात.

लघवीला जायचं असेल तर आधीच, बरंच लांब, आणि डोंगरउताराच्या खाली जाऊन या, पाणी असेल तर पाण्यापासून पण लांब. ओवोच्या आडोशाला जाणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. तिथे दुसरा आडोसा नसतो हे मला माहितीये, तरीसुद्धा.

आणखी एक गोष्ट जी जवळपास कुणालाच माहीत नसते: मोठा पूज्य डोंगर समोर दिसत असताना त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. खैरखान म्हणतात, म्हणजे आदराने हाक मारल्यासारखं. जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ना, तसलंच काहीसं. त्यामुळे डोंगराकडे बोट दाखवून "तो बघ तो अमुक" असं ओरडायच्या ऐवजी उघडा तळहात त्या दिशेला करा आणि खैरखान म्हणा. ड्रायव्हरचा चेहरा लगेच बदलतो, माझा अनुभव आहे.

> इशारा: ओवोवर चढायचं नाही. बसायचं नाही. पाठ टेकून फोटो नाही. पोराला वर उभं करून तर नाहीच.

टप्पा ५: तीन फेऱ्या, तीन दगड

आता मुख्य काम.

पहिलं, दगड. ओवोकडे चालत जाताना वाटेतल्या जमिनीवरचे तीन लहान दगड उचला. मुठीत मावतील एवढे. मोठा धोंडा उचलून भक्ती वाढत नाही, कंबर मात्र धरते. खडक फोडून, माती उकरून दगड काढायचा नाही, जमीन उकरणं हाच तिथे दोष मानतात. आणि ओवोतलाच दगड काढून परत ओवोवर टाकायचा हा तर शुद्ध चावटपणा झाला. दगड मिळाले नाहीत, बर्फ आहे, तर काडी, घोड्याच्या शेपटीचा केस, नाणं, काहीही ठेवतात लोक.

दुसरं, दिशा. घड्याळाच्या काट्याप्रमाणे, त्यांच्या भाषेत नार झोव, म्हणजे सूर्य जातो तसं. आपल्याला हे सोपं आहे, देवळातल्यासारखीच प्रदक्षिणा, ओवो तुमच्या उजव्या हाताला राहिला पाहिजे. तरीही चुका होतात, आणि का होतात ते मी नीट बघितलंय: देवळात वाट आखलेली असते, इथे मोकळं मैदान. लोक गाडीतून उतरतात, समोर जे आकर्षक दिसतं, घोड्याची कवटी वगैरे, तिकडे वळतात आणि तिथून तशीच उलटी फेरी सुरू होते. म्हणून उतरल्यावर आधी एक जागी उभे राहा, उजवा हात ओवोकडे करा आणि मग चाला.

तिसरं, क्रम. एक फेरी, एक दगड. दुसरी फेरी, दुसरा दगड. तिसरी, तिसरा. दगड हळू ठेवा किंवा हलकेच टाका, नेम धरून फेकू नका, पलीकडून दुसरं कुणी चालत असतं. तिन्ही दगड एकदम टाकून नुसत्या फेऱ्या मारणारे असतात, ड्रायव्हर काही बोलत नाही पण ते अर्धवट दिसतं.

मनात काय म्हणायचं? मंत्र लागत नाही. प्रवास सुखरूप होऊ दे, जनावरं माणसं बरी राहू देत, बस. मराठीत म्हणा, राखणदाराला भाषेची अडचण येते असं कुणी सांगितलेलं नाही.

वारा. खिंडीत वारा इतका असतो की मफलर उडून ओवोवर जाऊन बसतो आणि मग तो काढायचा की नाही असा धर्मसंकटाचा प्रसंग येतो (आमच्या एकीने नाही काढला, अजून असेल तिथेच). सैल काही अंगावर ठेवू नका.

> तपासा: तीन फेऱ्या झाल्या, ओवो कायम उजवीकडे होता, हातात दगड उरला नाही. आता पुढे.

टप्पा ६: दूध, वोडका, खाऊ

वाटी आता लागते. दुधाचा खोका उघडून थेट त्याच्यातूनच ओतणारे लोक बघून मला कसंतरीच होतं, अभिषेक नाहीये तो. दूध वाटीत घ्या, वाटी डाव्या हातात, आणि उजव्या हाताच्या बोटांनी किंवा चमच्याने वर आकाशाकडे आणि ओवोकडे शिंपडा. तिथल्या घरांत यासाठी त्सात्सल नावाचा लाकडी चमचा असतो, त्याला नऊ खळगे कोरलेले, सकाळी घरची बाई पहिल्या चहाचं किंवा दुधाचं देज त्याने आकाशाला शिंपडते. देज म्हणजे पहिला, सगळ्यात चांगला वाटा, कुणी तोंड लावायच्या आधीचा. आपला नैवेद्यच. त्यामुळे स्वतः अर्धं पिऊन उरलेलं शिंपडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगते.

वाऱ्याकडे पाठ करून शिंपडा. नाहीतर नैवेद्य तुमच्याच तोंडावर.

वोडका असेल तर उजव्या हाताची अनामिका पेल्यात बुडवून थेंब उडवायचे, आकाशाला, जमिनीला, वाऱ्याला, आणि बरेच जण मग तेच बोट कपाळाला लावतात. गंमत म्हणजे त्या बोटाला त्यांच्या भाषेतसुद्धा बिननावाचं बोट असं एक नाव आहे, आपल्या अनामिकेसारखंच. बाटली ओवोवर ठेवून यायची नाही. फुटलेल्या काचा हा तिथला मोठा वैताग आहे. आणि ड्रायव्हरला आग्रह करून पाजू नका, पुढे डांबरी रस्ता पण नसतो.

खाऊ थोडा. दोन आरूल, चार गोळ्या, एक नोट. नोट दगडाखाली दाबून ठेवा. आपल्याला भरभरून वाहायची सवय, पाच किलो पेढे नेल्याशिवाय समाधान होत नाही, इथे मात्र थोडं आणि उघडं. उघडं म्हणजे वेष्टन काढून, पक्ष्याप्राण्यांनी खावं असं.

> इशारा: ओवो झऱ्याजवळ किंवा नदीकाठी असेल तर दूध पाण्यात घालायचं नाही. आपण गंगेत दूध सोडतो, तिथे पाण्यात दूध किंवा रक्त पडणं म्हणजे पाण्याच्या मालकाचा अपमान. काठावर, जमिनीवर, ओवोकडे शिंपडा. पाण्यात भांडी धुणं, पाय बुडवणं हेही नको.

टप्पा ७: खदग बांधणे

खदगची घडी असते. दोन्ही हात पसरून तळहातांवर तो आडवा घ्यायचा आणि घडीची उघडी बाजू ज्याला देतोय त्याच्याकडे. माणसाला दिला तरी हाच नियम. मिटलेली बाजू पुढे केली की दार लावून पाहुण्याला बोलावल्यासारखं होतं. क्षणभर असा धरा, कपाळाजवळ न्या, मग बांधा.

कुठे बांधायचा? हात पोचेल तिथे. खांबापर्यंत पोचण्यासाठी दगडांवर चढू नका, खाली सोडलेल्या दोऱ्या असतात, आधीचे खदग असतात, त्याला साधी गाठ मारा, नाहीतर टोक एका दगडाखाली अडकवा. जवळच्या झाडाला घट्ट गुंडाळू नका, खोडाला फास बसतो, शेकडो थरांखाली झाडाचा जीव जातो. लाकडी ओवो असेल तर तिथलीच पद्धत बघून करा.

घोड्याची कवटी दिसली तर हात लावू नका. ती कुणाच्या तरी लाडक्या शर्यतीच्या घोड्याची असते, मालकाने मानाने आणून ठेवलेली. कुबड्या, गाडीचं स्टिअरिंग असंही काय काय दिसेल, बरं झाल्यावर, संकट टळल्यावर लोकांनी ठेवलेलं. फोटो लांबून काढा.

टप्पा ८: मोठ्या पूजेचं आमंत्रण मिळालं तर

उन्हाळ्यात, साधारण नादाम नावाच्या त्यांच्या मोठ्या खेळांच्या उत्सवाच्या आगेमागे (राष्ट्रीय नादाम ११ जुलैपासून असतो), गावोगावी ओवो ताखिलगा, म्हणजे ओवोची मोठी पूजा होते. दिवस लामा पंचांग बघून ठरवतात. तुम्ही कुणाच्या गेरमध्ये राहिला असाल तर बोलावतीलच. ओतगोनतेंगेर, बुर्खान खाल्दुन, बोग्दखान अशा काही डोंगरांची पूजा तर सरकारी इतमामाने होते, राष्ट्राध्यक्ष जातात. ते टीव्हीवर बघा, गावचीच खरी मजा.

सकाळी लवकर निघावं लागतं. उशिरा पोचलात तर मधे घुसू नका, मागे उभे राहा. क्रम असा असतो: लामा बसून पोथी म्हणतात, आर्त्सचा धूर होतो, लोक देज आणून मांडतात, ओवोला नवे खदग बांधतात, फेऱ्या होतात. मग शेवटी एक भाग येतो जो चुकवू नका, दल्लगा. सगळे हातात काहीतरी घेतात, खाण्याची ताटली, दुधाचं भांडं, नाहीतर टोपी, आणि हात गोल फिरवत एका सुरात "खुराई, खुराई, खुराई" म्हणतात, म्हणजे बरकत जमू दे, आमच्याकडे येऊ दे. हात पण नार झोव, उजवीकडूनच फिरवायचे. इथे लाजून नुसतं व्हिडिओ काढत बसण्यापेक्षा रिकामी वाटी घेऊन सामील व्हा, कुणी हसत नाही.

वाहिलेलं अख्खं मेंढरू, पाठीचा भाग, चरबी असं समोर मांडलेलं असतं. शाकाहारी लोकांनी तोंड वाकडं करू नये आणि नाक तर अजिबात धरू नये. आइराग म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, वाडगा पुढे आला तर उजव्या हाताने घ्या, डावा हात उजव्या कोपराला, ओठ टेकवा आणि परत द्या. पिऊन संपवलंच पाहिजे असं नाही, नकार देऊन हात मागे घेणं मात्र वाईट दिसतं.

शेवटी खिशिग वाटतात. हा प्रसाद. टाकायचा नाही, हॉटेलच्या टेबलावर विसरायचा नाही, तिथे खा किंवा घरच्यांसाठी न्या. मग कुस्त्या, घोड्यांच्या शर्यती. कुस्ती बघायला कोल्हापूरवाल्यांना वेगळं आमंत्रण लागू नये.

> तपासा: गावच्या खासगी पूजेचे फोटो काढण्याआधी यजमानाला विचारलं का? लामा पोथी म्हणताना तोंडासमोर मोबाईल धरू नका. ड्रोन घरी.

टप्पा ९: निघताना, आणि जिथे थांबताच येत नाही तिथे

निघताना तुमचं काही मागे राहिलं नाही ना बघा, आणि जमलं तर दुसऱ्यांचे कागद, बाटल्या पण पिशवीत भरा. इथे एक भेद नीट लक्षात घ्या: रिकामी पाण्याची बाटली, चिप्सचं पाकीट हा कचरा, उचला. पण नोट, आरूल, कुबडी, फाटका खदग, कवटी, हे वाहिलेलं आहे, ते कितीही जुनाट दिसलं तरी तिथलीच माणसं काढतील. शंका आली तर हात लावू नका. दगड तर एकही नाही, खडासुद्धा नाही, दगडावर मार्करने नाव बदाम तारीख पण नाही.

आता रस्त्यात पंधरा ओवो लागले तर पंधरा वेळा उतरायचं का? नाही. ड्रायव्हर लोक चालत्या गाडीतून तीन वेळा हॉर्न वाजवतात आणि पुढे जातात, त्याच तीन फेऱ्या. इगतपुरीला घाटनदेवीसमोरून जाताना आपले ट्रकवाले हात जोडतात तसंच. तो हॉर्न ऐकून मागच्या सीटवरून "काय झालं, काय झालं" करू नका. उलानबातरहून जवळच्या तेरेल्ज राष्ट्रीय उद्यानाला जाताना रस्त्याकडेला गरुड हातावर घेऊन फोटो काढायला बसलेले लोक असतात, तिथेच ओवो आहे, गर्दीत त्याच्याकडे कुणी बघत नाही. आधी फेऱ्या घाला, मग गरुड.

खदग उरला तर कचऱ्यात नको. शेवटच्या दिवशी तुमच्या ड्रायव्हरला द्या, दोन्ही हातांनी, बाह्या खाली करून, घडीची उघडी बाजू त्याच्याकडे.